ओटीतली ज्वारी

माझी माय रिकाम्या हातानं आली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं बिनसलंय.

धुरपताबाई, म्हणजे माझी माय, लेकीकडे यायला निघाली की एसटीच्या कंडक्टरला घाम फोडते. एका पिशवीत शेंगा, दुसरीत कुरडया, बगलेत लोणच्याची बरणी, आणि पदराच्या गाठीला नातीसाठी काहीतरी, जे मी बघायच्या आत तिच्या हातात पडायलाच पाहिजे. डोहगव्हाणहून वालूरला यायचं म्हणजे तीन गाड्या बदलाव्या लागतात. एवढं ओझं घेऊन ती तिन्ही गाड्या बदलते आणि उंबऱ्यावर टेकताना म्हणते, काहीच आणलं न्हाई माय, घाईत निघाले. या खेपेला तिच्याजवळ एकच पिशवी होती. तिच्यात एक लुगडं, चष्मा आणि गुडघ्याला लावायचं तेल. आणि घाईत निघाले, असंही ती म्हणाली नाही. पाय धुतले, पाणी प्यायली, आणि भिंतीला टेकून बसली.

दसरा नुकताच होऊन गेला होता. डोहगव्हाण गोदावरीच्या थडीला, म्हणजे काठाला आहे. आम्ही तिला गंगाच म्हणतो, गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा हे आम्हाला लगेच कळतं. भादव्यात गंगा गावात शिरली होती. ती पूर्वीही यायची, पण यायची आणि दोन दिवसांत आपल्या वाटेनं निघून जायची. अलीकडे पाऊस कधी येईल याचा ठिकाणा राहिलेला नाही. आषाढात ढेकळं तापतात आणि भादव्यात आभाळ फाटतं. यंदा पाणी आलं ते उठायचं नावच घेईना. माझ्या भावाच्या, बालाजीच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आणि मला ते कुणी कळवलं नाही. वैष्णवीनं, माझ्या पोरीनं, मोबाईलवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओ दाखवला. मारुतीच्या देवळाचा कळस दिसत होता, आणि पलीकडे आमच्या घराची गच्ची. मी फोन लावत बसले. लागला तेव्हा बालाजी म्हणाला, सगळे शाळेवर हाव आक्का, खुशाल हाव, तुला कामून हैराण करायचं मनून सांगितलं न्हाई.

तो बिचारा चांगल्या मनानंच बोलला होता. पण माझ्या काळजाला ते बोलणं असं लागलं की तीन दिवस मी चुलीशी, भांड्यांशी आणि आमच्या मालकांशी भांडत होते. मला हैराण करायचं नाही. लग्न करून दिलेल्या लेकीला सण द्यायचा, लुगडं द्यायचं, शेंगा द्यायच्या, आणि घरात पाणी शिरलं की तिला कळू द्यायचं नाही.

आता ज्वारीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय मायचं येणं समजायचं नाही.

पाणी उतरलं की गंगा थडीला गाळ टाकून जाते. मऊ, काळा, लोण्यासारखा गाळ. त्यात बैल घालता येत नाही, रुतून बसतो. हातात काठी घेऊन भोकं पाडायची आणि भोकागणिक तीन-चार दाणे टाकायचे. याला गाळपेर म्हणतात. गाळात पेरायची ज्वारीही वेगळी. नाव काही नाही तिला, थडीची ज्वारी म्हणतात. पेरल्यानंतर ती पावसाचा थेंब मागत नाही. ओल जसजशी खाली जाते तसतशी ती मूळ खाली सोडत जाते. माणसाच्या डोक्यावर दोन हात वाढते, दाणा टपोरा आणि किंचित पिवळसर, आणि कडबा असा गोड की जनावरं बुडखासुद्धा सोडत नाहीत.

लहानपणी त्या गाळाचा मान माझा होता. आमचे बापू, माझे वडील, सटवाजी त्यांचं नाव, दिवाळीनंतर रोज सकाळी मला थडीला घेऊन जायचे आणि म्हणायचे, जा बाई, चालून ये. मी गाळावर चालायचे. पाय पिंढरीपर्यंत गेला तर अजून थांबायचं. घोट्यापर्यंत गेला की पेरायचं. मोठ्या माणसाचा पाय त्यात फसतो, म्हणून पोरींना पाठवायचे. गावातल्या सगळ्या घरांचं लक्ष माझ्या पायांकडे असायचं. एवढा मान मला पुढं कुठं मिळाला नाही, सासरी तर नाहीच. इथल्या सगळ्या गोष्टींशी मी जुळवून घेतलं, पण दिवाळी झाली की माझे तळपाय अजून शिवशिवतात. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक तेल लावायला सांगतील.

आमच्या गावात लेकीला वाटं लावताना ओटीत तांदूळ घालत नाहीत, थडीची ज्वारी घालतात. ती ज्वारी लेकीची. तिनं खावी, पेरावी, पाखरांना टाकावी. फक्त माहेरी परत न्यायची नाही, आणि माहेरानंही परत मागायची नाही. ओटी माघारी आली म्हणजे लेकीनं माहेर तोडलं असा त्याचा अर्थ. माझ्या डोळ्यांदेखत एकदा तसं झालं होतं. शेजारची लक्ष्मीबाई भावाशी कशावरून तरी भांडली, पुढच्या खेपेला गाठोड्यात ज्वारी घेऊन आली, भावाच्या दारात सोडली आणि आल्या पावली निघून गेली. तिची आई वारली तेव्हाही ती आली नाही. ते दाणे कुणी उचलले नाहीत. दारातच उगवले आणि दारातच वाळले.

मी माझी ज्वारी पेरली. वालूरला आमचं शेत बारवेच्या अंगाला आहे. त्यात सोयाबीन, कापूस, थोडी तूर. बांधाकडेचा एक तुकडा मी पहिल्याच वर्षी हट्टानं मागून घेतला. आमचे मालक, महारुद्र, त्याला माहेरचा वाफा म्हणतात. कुणी पाव्हणं आलं की शेत दाखवताना सांगतात, हा कापूस आपला, ही तूर आपली, आणि तो तिकडं डोहगव्हाणचा इलाखा, तिकडं आपलं काही चालत न्हाई. हसतात, पण त्या तुकड्यावर त्यांनी कधी नांगर फिरवला नाही. इथल्या रानात ती ज्वारी थडीसारखी उंच होत नाही. होते ती माझ्या खांद्याएवढी. तरी वीस-बावीस वर्षं मी दर साली बी धरते, राखेत कालवून गाडग्यात भरते आणि वरून शेणानं लिंपून टाकते.

माय आली तेव्हा माझ्या माजघरात असं एक गाडगं होतं. आणि सगळ्या डोहगव्हाणात थडीच्या ज्वारीचा एक दाणा नव्हता.

हे कसं झालं ते बालाजीनं मला फोनवर सांगितलं, माय यायच्या दोन दिवस आधी. आधीच्या पुरापासून गावातल्या दहा-पंधरा घरांनी एक काम हाती घेतलं होतं. पूर आता दर सालचाच होणार असं धरून चालायचं. शाळेमागच्या टेकाडावर दगडी ओटा बांधला, वर पत्रे टाकले आणि त्यात कोठ्या बसवल्या. पुरात चुली बंद पडल्या तर गावाला पुरेल एवढं धान्य, आणि प्रत्येक घरचं बियाणं, तिथं न्यायचं ठरलं. तूर, हरभरा, करडई, जवस, सगळं पोचलं. थडीची ज्वारी राहिली. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली होती, लागेल तेव्हा धुरपताबाईकडून न्यायची असा गावाचा रिवाज होता. आणि धुरपताबाईचा शाळेवर भरवसा नव्हता. तिचा भरवसा पेवावर.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस शिरेल एवढं, आत पोट मोठं. आमच्या दारापुढचं पेव पणजोबांनी गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोदलेलं. कडब्याचं अस्तर लावायचं, धान्य भरायचं, वर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आजवरच्या एकाही पुरात त्यात पाणी शिरलं नव्हतं. पाणी चढायला लागलं तेव्हा बालाजी गाडगी ट्रॅक्टरमध्ये ठेवायला निघाला होता. मायनं त्याला अडवलं. गाडगी स्वतः पेवात उतरवली, दगड बसवला, आणि मग ट्रॅक्टरमध्ये चढली. पूर्वीचं पाणी वरून वाहून जायचं, ते पेवाला काही करत नसे. हे पाणी बसून राहिलं. आठवड्यानं दगड उचलला तर आतून असा वास आला की बालाजी मागं सरकला. शेणाचं लिंपण विरघळलं होतं आणि दाण्यांना बोटभर मोड येऊन ते सडले होते.

बाजारचं बी आणता येत नाही का, असं मी विचारलं. बालाजी म्हणाला, गेल्या साली दोघांनी आणून बघितलं. गाळात ते आधी जोरात आलं, मग वाऱ्यानं लोळलं. यंदा खरिपाचं सोयाबीन पुरानं नेलं, गंजीतला कडबा वाहून गेला. आता गाळाशिवाय गावाला काही नाही, आणि गाळात पेरायला बी नाही. मला वाटलं, आता मागेल. त्यानं वैष्णवीच्या परीक्षेचं विचारलं आणि फोन ठेवला.

म्हणून माय उंबऱ्यावर दिसली तेव्हा ती कशाला आली हे मला ठाऊक होतं. तिला कळत होतं की मला ठाऊक आहे. तरी आम्ही दोघी चार-पाच दिवस त्या गाडग्याभोवती अशा वावरलो, जणू ते गाडगं घरातच नाही.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्याच ज्वारीची भाकरी केली. मायनं पहिला घास तोंडात घातला आणि चावायची थांबली. मग सगळी भाकरी खाल्ली, ताटातला चुरासुद्धा बोटानं टिपला. दुसऱ्या दिवशी मी अंगणातून आत आले तर ती माजघरात गाडग्यापाशी उभी. लिंपणावरून हात फिरवत होती. मला बघून म्हणाली, औंदा राख बदल, जुनी झाली. आणि बाहेर गेली.

मालकांना हे सगळं खुळेपणाचं वाटत होतं. देऊन टाक की, ते म्हणाले, ज्वारीच हाय, तिच्यापायी काय जीव द्यायचाय? मी त्यांच्यावर अशी फिरले की ते चप्पल घालून सरळ शेताकडे गेले. खरं तर मला ज्वारीचा लोभ नव्हता. परत देण्याची भीती होती, ती तर होतीच. लक्ष्मीबाईच्या माहेरच्या दारातली वाळलेली धाटं मी विसरले नव्हते. पण भीतीपेक्षाही मला वाट बघायची होती. मायनं मागावं म्हणून. रीत मोडून का होईना, एकदा तिनं म्हणावं, शिवकन्या, मला लागतंय गं. एवढ्या वर्षांत माहेरानं मला सगळं दिलं होतं, मागितलं काहीच नव्हतं. ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही तो पाव्हणाच असतो. मला पाव्हणी व्हायचा कंटाळा आला होता.

आणि माय मागत नव्हती. तिच्या न मागण्यामागं काय होतं ते मला दिसत होतं, मी आंधळी नाही. गावाचं बी तिच्या हातानं बुडालं होतं. शाळेच्या ओट्याला ती वर्षभर हसली होती. आता लेकीची ओटी मागायची म्हणजे बी गेलं ते गेलंच, वरून लेकही जायची. माझ्यापेक्षा तिची अडचण मोठी होती. पण राग समजूतदार नसतो, निदान माझा तरी नाही.

सहाव्या दिवशी तिनं पिशवी भरली. मग मात्र माझा धीर सुटला. ती न्हाणीत असताना मी गाडग्याचं लिंपण फोडलं, राखेसकट ज्वारी एका जुन्या धडप्यात बांधली आणि तिच्या लुगड्याच्या घडीखाली सरकवली. माहेर तुटलं तर तुटलं, गाव तरी पेरेल, असं मनाशी म्हणाले. म्हणायला सोपं होतं.

मानवतपर्यंत मी तिच्याबरोबर गेले, तिथून तिला परभणीची गाडी धरून द्यायची होती. कापसाचे दिवस सुरू झाले होते. मानवतच्या स्टँडबाहेर कापसानं फुगलेले टेम्पो लागले होते आणि हवेत बारीक तंतू उडत होते. आम्ही बाकड्यावर बसलो. मायला गुडघ्याला तेल लावावंसं वाटलं. लागली पिशवीत चाचपायला. मी म्हटलं, गाडीत लाव, आता राहू दे. पण तिचा हात धडप्याला लागला होता. तिनं ते बाहेर काढलं, गाठ न सोडताच ओळखलं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

ते गाठोडं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. हळू ठेवलं, पण असं ठेवलं की जणू जळत होतं.

"माहेर नको झालं का तुला?" ती म्हणाली.

"बियाणं पायजे न्हाई का तुला?"

"पायजे. लय पायजे." तिनं पदर तोंडाला लावला. "पण बी गेलं तर गेलं. तू कामून जायलीस?"

मी सगळ्या स्टँडासमोर रडले. तीही रडली. शेजारच्या बाकड्यावरचा माणूस उठून पलीकडे जाऊन बसला. मी तिला म्हटलं, मागितलं का नाहीस, पाच दिवस मी वाट बघत होते. ती म्हणाली, कोणत्या तोंडानं मागू, पेव माझं, हट्ट माझा, बुडवलं मी. बालाजीनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई, तेच मला जास्त लागलंय. एक गाडी आली आणि गेली, आम्ही उठलो नाही.

गाठोडं मांडीवर होतं. माझे तळपाय शिवशिवायला लागले, नेहमी दिवाळीनंतर लागतात तसे. आणि मला एकदम ते सुचलं. सुचलं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं. भावाच्या रानात लग्न झालेल्या बहिणीनं पेरणीची मूठ धरली तर गाव हिश्श्याच्या गोष्टी काढतं, म्हणून मी माहेरच्या शेतात कधी काठीसुद्धा उचलली नव्हती. पण गाळ शेतात नसतो. तो दर साली नव्यानं पडतो, कधी ह्या अंगाला, कधी त्या. त्याच्यावर आमच्या बापूंचं नाव नव्हतं, बालाजीचं नाही, कुणाचंच नाही.

"माय, गाळ कुणाचा हाय?"

"गंगेचा."

"मंग मी गंगेला देते. माझी ओटी हाय, माझ्या हातानं गाळात टाकते. तुमच्या दारात आणत न्हाई."

मायनं माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी सात वर्षांची झाले. बराच विचार करून ती म्हणाली, मग मूठ तूच धरायची. मी हात लावणार न्हाई, बालाजी लावणार न्हाई, गावातलं कुणीच लावणार न्हाई. पेरून होईपर्यंत ती तुझी. आणि गंगेनं माघारी दिली तर दिली.

दिवाळी उरकून मी गेले. जायच्या आधी बालाजीला फोन केला तेव्हा तो क्षणभर गप्प बसला. ते गप्प बसणं मला कळलं, हिश्श्याचं भूत तिथंही डोकावून गेलं. मी आवाज चढवायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यानंच विचारलं, आक्का, गाळावर तूच चालणार ना? बापूंसारखं बघायला आता कुणी न्हाई.

ताडकळसच्या स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन आला. मी गाठोड्यासकट गावात शिरले नाही. सरळ थडीला गेले. वाटेत लांबून आमचं घर दिसलं. भिंतींवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. शेजारची तीन घरं उघडी पडली होती, माणसं टेकाडावर पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेली होती. पुढच्या पावसाळ्याच्या आत बालाजीही जाणार होता. दारापुढं पेवाचं तोंड उघडंच होतं. ज्या गावाची मला एवढी वर्षं ओढ लागून राहिली होती ते गाव आता हळूहळू उठून वर चाललं होतं, आणि मला त्याच्याशी तिथंच थांब म्हणायचा काही हक्क नव्हता. हक्क असता तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

पण गाळ तोच होता. तसाच काळा, तसाच गार. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि पाय टाकला. पाय घोट्याच्या वर गेला. दुसरा टाकला, तोही वर. अजून आठ दिवस थांबावं लागलं तर हंगाम निघून जाणार होता. काठावर बायका उभ्या होत्या, बालाजीची बायको राजेश्री होती, सगळ्यांचं लक्ष माझ्या पायांकडे. अगदी पूर्वीसारखं. मी मागं वळून मायकडे बघितलं. ती बाभळीखाली दगडावर बसली होती. तिथूनच तिनं सांगितलं, आगं तू आता जड झालीस. पोरीचा घोटा म्हंजे तुझ्या घोट्याच्या दोन बोटं वर. तयार हाय गाळ. पेर.

सगळा काठ हसला. मीही हसले, तशीच, पाय रुतलेले असताना.

पेरणी अशी झाली की तशी गावानं बघितली नव्हती. बालाजी, राजेश्री आणि गावातली माणसं काठ्यांनी भोकं पाडत पुढं चालली होती, आणि दाणे टाकायला मी एकटीच. कुणी हात पुढं करत नव्हतं. कमरेतून वाकून वाकून माझा जीव बेजार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्रीला राहवेना, ती म्हणाली, वन्स, मी टाकते की जरा, तुमी पाठ टेका. माय दगडावरून ओरडली, हात लावू नको. राजेश्रीनं हात मागं घेतला आणि माझी पाठ दाबून दिली. त्या दोन दिवसांत मला कुणी चहा आणून खुर्चीवर बसवलं नाही, काय घेता म्हणून विचारलं नाही. भाकरी बांधावर खाल्ली, कांदा बुक्कीनं फोडून. मी फार फार सुखात होते. संध्याकाळी पाठ मोडून यायची आणि मला वाटायचं, हे संपू नये.

संपलं. मी वालूरला परत आले. मग बालाजी फोनवर एकेक बातमी देत राहिला. उगवलं. गुडघ्याला लागलं. निसवलं, कणीस बाहेर पडलं. हुरड्याला बोलावलं त्यानं, पण इकडं कापसाची शेवटची वेचणी होती. मी नुसतं विचारलं, माय काय म्हणते? तो म्हणाला, माय रोज थडीला जाऊन बसते, पण कणसाला हात लावत न्हाई. वाट बघायली तुझी.

फाल्गुनात काढणीला मी गेले. ज्वारी माझ्या डोक्यावर दोन हात होती. वालूरला खांद्याएवढी होणारी तीच ज्वारी. मी धाटाला धरून उभी राहिले आणि मला तिचा हेवा वाटला, उगाच कशाला खोटं बोलू. काढणी झाली, कणसं खुडली, मळणी झाली. रास पडली तेव्हा माय उठली, चप्पल काढली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत घातले. बराच वेळ तसेच ठेवले.

पहिली पाटी तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि शाळेमागच्या ओट्यावर चढवली. गुडघे दुखत होते, बालाजी पाठोपाठ हात पसरून चालत होता, तिनं त्याला हात लावू दिला नाही. कोठीत ज्वारी ओतून झाल्यावर खाली बघून म्हणाली, ते पेव आता मातीनं भरून टाक बालाजी, कुणाचं तरी लेकरू पडंल. पणजोबांचं पेव होतं ते.

निघायच्या दिवशी तिनं मला पाटावर बसवलं. हळद-कुंकू लावलं आणि माझ्या पदरात नव्या ज्वारीच्या पाच मुठी घातल्या, लग्नाच्या दिवशी घातल्या होत्या तशाच. मी चेष्टेनं म्हटलं, माय, आता ही परत आणायची नाही ना? मला वाटलं, हसेल. तिनं माझ्या पदराला गाठ मारली, घट्ट मारली, आणि गाठीवर हात ठेवून बोलली.

"ज्वारी आणू नको. तू ये." थोडं थांबली. "दिवाळीला ये मनून मी आता सांगणार न्हाई. पाव्हणी मनून लय दिवस आलीस. गाळ उघडा पडला की निरोप धाडते. पेरायला ये."

बालाजीनं ताडकळसला आणून गाडीत बसवलं. गाडी सुटली. दोन्ही हातांनी पदराची गाठ धरून मी रडत होते, आणि कंडक्टरनं दोनदा विचारलं तरी कुठं जायचंय ते मला सांगता येईना.